पाणक्याला कशाला हवं इंजेक्शन?

मागच्या अंकात टूर द फ्रान्सवर, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या सायकल रेसवर, दोन पानं लिहिली, घाटांचे फोटो टाकले, त्यात लान्स आर्मस्ट्राँगचं, म्हणजे सात टूर जिंकून डोपिंगमुळे सगळ्या गमावलेल्या अमेरिकन रायडरचं, नाव अख्ख्या लेखात एकदाच आलं होतं आणि पत्रं आली ती जवळपास सगळी त्याच्यावरच. ठीक आहे, माझी तक्रार नाही. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि आधीच सांगून ठेवतो की या वेळी मी लीडरपेक्षा त्याच्या पुढेमागे राबणाऱ्या रायडर्सबद्दल जास्त बोलणार आहे, कारण डोपिंग एवढं पसरलं कसं हे त्यांच्याकडे बघितल्यावर कळतं.

प्रश्न : टीव्हीवर पहिल्यांदाच टूर बघितली. एका टीममध्ये आठ जण असतात पण जिंकायला निघालेला एकच. मग बाकीचे सात जण नक्की करतात काय आणि त्यांना मिळतं काय?

उत्तर : राबतात. सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या पुढे गेलात की पायातली बहुतेक सगळी ताकद हवा ढकलण्यात जाते, आणि पुढच्याच्या चाकाला चिकटून बसलं की त्यातली बरीच वाचते. म्हणून लीडरला दिवसभर कुणाच्या तरी पाठीमागे झाकून न्यायचं आणि शेवटच्या घाटात ताजातवाना बाहेर काढायचा, एवढंच काम. आता एवढंच म्हणजे काय ते जरा जवळून बघा. ऊन तापलंय, कानातल्या रेडिओवर आवाज येतो की पाणी आणा. हा रायडर घोळक्यातून मागे मागे घसरत टीमच्या गाडीपर्यंत येतो, खिडकीतून एकेक बाटली घेतो, सायकलवरच्या दोन जागा भरल्या की जर्सीचे मागचे तीन खिसे, ते भरले की मानेमागून सरळ जर्सीच्या आत, उघड्या पाठीवर. आठ-नऊ थंडगार बाटल्या, चार-पाच किलोचं ओझं, मागून बघितलं तर पाठीला कुबड आल्यासारखा दिसतो. आणि हे ओझं घेऊन ताशी ४५ ने पळणारा घोळका परत गाठायचा, एकेकाला बाटली पोचवायची, आणि ते होतंय न होतंय तोवर पुन्हा हुकूम. शेवटची बाटली देताना गाडीतला माणूस ती लगेच सोडत नाही, दोघंही धरून ठेवतात आणि तेवढ्या दोन सेकंदात गाडी रायडरला ओढून घेते, हे नियमात बसत नाही पण सगळे बघून न बघितल्यासारखं करतात. या खेळात बघून न बघितल्यासारखं करायची सवय फार जुनी आहे.

फ्रेंचमध्ये अशा रायडरला दोमेस्तिक म्हणतात, म्हणजे घरगडी. इटालियनमध्ये ग्रेगारिओ, आणि जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ तर सरळ पाणक्या. मला आपला 'गडी' सगळ्यात चपखल वाटतो कारण मराठीत राबणाराही गडी आणि खेळणाराही गडी. दोमेस्तिक हा शब्द सायकलिंगमध्ये शिवी म्हणून आला बरं का. १९११ च्या टूरमध्ये मोरिस ब्रोको नावाच्या रायडरने स्वतःचा चान्स गेल्यावर फ्रान्स्वा फाबेरला मदत करायचं ठरवलं, तर टूरचे सर्वेसर्वा आंरी देग्रांज यांनी पेपरातून त्याला गडी ठरवलं, दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने स्टेज, म्हणजे त्या दिवसाची रेस, मारून दाखवली तरी त्याला रेसमधून काढलाच. नंतर त्याच टूरमध्ये गडी असणं हीच रीत झाली. १९३४ ला रने व्हिएतो, वीस वर्षांचं पोरगं, घाटात सगळ्यांना भारी, त्याने लीडर आंतोनॅं मान्यला स्वतःचं चाक काढून दिलं आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून रडला, तो फोटो अजूनही फिरतो. टूर मान्यने जिंकली.

मिळतं काय म्हणाल तर पगार आणि बक्षिसातला वाटा. टूर जिंकणाऱ्याला ५ लाख युरो मिळतात पण रिवाज असा की तो ते स्वतःकडे ठेवत नाही, टीममध्ये आणि स्टाफमध्ये वाटून टाकतो, त्याची कमाई पगारातून आणि जाहिरातींतून होतच असते. म्हणजे मालक जिंकला तर गड्याचा खिसा गरम.

प्रश्न : लीडर डोपिंग करतो ते मी समजू शकते, त्याला पहिल्या नंबरची पिवळी जर्सी हवी असते. पण ज्याला जिंकायचंच नाही, ज्याचं नावही कुणाला माहीत नाही, तो स्वतःच्या अंगात काहीबाही कशाला टोचून घेईल?

उत्तर : ताई, मीही बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो की डोपिंग म्हणजे जिंकायची हाव. मी तर त्या काळात आर्मस्ट्राँगचा पिवळा रबरी पट्टा मनगटात घालून फिरलोय, त्यामुळे शहाणपणा सांगायचा मला काही हक्क नाही. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या अँटी-डोपिंग एजन्सीने, म्हणजे यूसाडाने, हजारावर पानांचा पुरावा उघड केला, त्यात आर्मस्ट्राँगच्याच ११ जुन्या साथीदारांच्या जबान्या होत्या, आणि ते वाचताना माझ्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणांना जिंकायचं वगैरे काही नव्हतंच, त्यांना नोकरी टिकवायची होती.

हिशोब करून बघा. समजा लीडर घेतोय. त्याचा घाटातला वेग वाढला. मग त्याला घाटात पुढे राहून ओढणाऱ्याचाही वेग तेवढाच वाढायला हवा, नाहीतर गडीच मालकाच्या मागे पडायचा आणि असा गडी काय कामाचा? दुसऱ्या टीमचेही तसेच पळतायत. अख्खा घोळकाच जोरात पळायला लागला की जो काही घेत नाही त्याला बाटल्या आणून देणं सोडा, नुसतं घोळक्यात टिकणं मुश्कील होतं. त्यात वेळेची मर्यादा असते, पहिला आल्यानंतर ठराविक वेळेत पोचला नाहीस तर रेसमधून बाहेर. म्हणजे इंजेक्शन घेऊन तो कुणाच्या पुढे जात नव्हता हो, होता तिथेच राहत होता.

आणि कॉन्ट्रॅक्ट एक-दोन वर्षांचं. नव्या सीझनच्या टीमबदलाची अधिकृत खिडकी १ ऑगस्टला उघडते, टूर जुलैमध्ये, त्यामुळे ज्याचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपतंय आणि अजून सही झालेली नाही त्याच्यासाठी जुलै म्हणजे तीन आठवड्यांचा इंटरव्ह्यू. लीडरला टीम लागते तशी टीमलाही लीडर लागतो, तो चार अटी घालू शकतो. गड्याला कोण विचारतो, त्याच्या जागेवर यायला ज्युनियरमधली पंचवीस पोरं लायनीत उभी असतात. शाळा अर्धवट सोडलेली, सोळाव्या वर्षापासून सायकलशिवाय दुसरं काही केलेलं नाही, आणि ही वेळ येते.

यूसाडाच्या कागदांतली दोन उदाहरणं देतो. ख्रिश्चन व्हँडे वेल्ड, १९९९ च्या टूरमध्ये आर्मस्ट्राँगसाठी राबलेला. २००२ मध्ये त्याला स्पेनमधल्या जिरोना शहरात आर्मस्ट्राँगच्या घरी बोलावण्यात आलं आणि सांगितलं गेलं की टीममध्ये राहायचं असेल तर आर्मस्ट्राँगचा डॉक्टर मिकेले फेरारीने दिलेला औषधांचा प्रोग्रॅम अक्षरशः पाळायचा. म्हणजे दटावणारा मॅनेजरसुद्धा नव्हता, ज्याच्यासाठी तू राबतोस तोच होता.

दुसरा डेव्हिड झॅब्रिस्की, आणि याची जबानी वाचून मी खरंच थोडा वेळ पानं मिटून ठेवली. याच्या वडिलांचं आयुष्य ड्रग्जने खाल्लं होतं, त्यातच ते गेले, आणि हा त्या सगळ्यापासून लांब पळायला म्हणून सायकलवर बसलेला. २००३ मध्ये जिरोनातल्याच एका कॅफेत टीमचा डायरेक्टर योहान ब्रुनील आणि टीमचा डॉक्टर यांनी त्याला आणि मायकेल बॅरीला बोलावलं आणि ईपीओ, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन, पुढे ठेवलं. झॅब्रिस्कीने प्रश्न विचारले. मला मुलं होतील ना? शरीरात काही बदल होतील का, कान मोठे होतील का? हे वाचून हसू येतं आणि लगेच ओशाळायलाही होतं, कारण हे प्रश्न विचारणारा माणूस हावरट नसतो, तो घाबरलेला असतो. त्याला सांगण्यात आलं की सगळेच घेतात. त्याने घेतलं, आणि त्या रात्री खोलीत जाऊन रडला. ज्या गोष्टीपासून पळत आला तीच टेबलावर वाट बघत होती.

अजून एक गोष्ट. १९९८ ला जे फेस्टिना टीमचं डोपिंगचं लफडं बाहेर आलं त्यात कळलं की औषधांचा खर्च रायडर्सच्या बोनसमधूनच कापला जायचा. म्हणजे वर तुम्हाला तो बक्षिसातला वाटा सांगितला ना, त्यातूनच. स्वतःच्या घामाच्या पैशातून स्वतःलाच टोचायचं.

प्रश्न : ईपीओ ईपीओ म्हणतात ते नक्की काय करतं? आणि ५० टक्क्यांचा नियम काय होता?

उत्तर : थोडक्यात सांगतो. ईपीओ हे आपल्या किडनीत तयार होणारं हार्मोन, ते हाडांच्या मज्जेला सांगतं की तांबड्या पेशी वाढव. ८० च्या दशकाच्या शेवटी किडनीच्या पेशंटसाठी त्याचं इंजेक्शन बाजारात आलं आणि लगेच सायकलवाल्यांच्या बॅगेतही आलं, कारण तांबड्या पेशी जास्त म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन जास्त. बंदी घातली पण पकडायची टेस्टच नव्हती, ती आली २००० च्या सुमाराला. मधली दहा वर्षं रान मोकळं.

१९९७ ला सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने तोडगा काढला की रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हेमॅटोक्रिट, पुरुषांत ५० च्या वर दिसलं तर १५ दिवस घरी बसा, ही शिक्षा नाही हं, तब्येतीची काळजी. निरोगी पुरुषात हे साधारण ४० ते ५० असतं. झालं काय की ५० ही मर्यादा राहिलीच नाही, टार्गेट झालं. रायडर्स खोलीत रक्त फिरवून हा आकडा काढणारी छोटी सेंट्रिफ्यूज मशीन घेऊन फिरायला लागले, सकाळी आकडा बघायचा, जास्त असला तर सलाइन लावून रक्त पातळ करायचं. १९९८ च्या जागतिक स्पर्धेत टीमच्या डॉक्टरने सलाइनची पिशवी रेनकोटखाली लपवून टेस्टवाल्या माणसाच्या अंगावरून आत नेली असंही यूसाडाच्या कागदांत आहे. इटालियन रायडर मार्को पांतानी १९९९ च्या जिरो द इतालियात, म्हणजे इटलीतल्या तशाच तीन आठवड्यांच्या रेसमध्ये, शेवटून दुसऱ्या दिवशी सकाळी याच नियमात अडकला, रेस त्याच्या खिशात होती, आकडा निघाला ५२, तो बाहेर आणि त्याच्याबरोबर त्याच्या सगळ्या गड्यांनीही सायकली गाडीवर चढवल्या. तीन आठवडे राबून हाती काय आलं त्यांच्या?

प्रश्न : सगळेच घेत होते तर मग सगळे सारखेच झाले की! आर्मस्ट्राँग तरीही सगळ्यात चांगलाच होता असं म्हणायला काय हरकत आहे?

उत्तर : हे पत्र एकट्याचं नाही, असे नऊ जण आहेत, त्यामुळे जरा कडक बोलतो. सगळे घेत होते यातून सगळे सारखे होत नाहीत. ज्याचा आकडा मुळात ३९ आहे त्याला ५० पर्यंत जायला ११ पायऱ्या आहेत, ज्याचा मुळातच ४७ आहे त्याला तीनच. म्हणजे आईवडिलांकडून ज्याला चांगलं रक्त मिळालं त्याचाच तोटा. प्रत्येकाचं शरीर औषधाला सारखा प्रतिसादही देत नाही. शिवाय पैसा. यूसाडाला सापडलेल्या नोंदींप्रमाणे आर्मस्ट्राँगने फेरारीला काही वर्षांत १० लाख डॉलरच्या वर दिले. गडी कुठून आणणार? तो आपला टीमच्या डॉक्टरने जे दिलं ते घेणार, नाहीतर कुणाकडून तरी चोरून काहीतरी आणणार, ज्यात काय आहे देव जाणे. जुन्या पिढीत 'बेल्जियन मिश्रण' म्हणून एक प्रकार चालायचा, अ‍ॅम्फेटामिन, कोकेन, हेरॉइन, जे हाताला लागेल ते एका बाटलीत. अ‍ॅम्फेटामिनने माणूस थकवा विसरतो, थकवा जात नाही, ब्रिटिश रायडर टॉम सिम्पसन १३ जुलै १९६७ ला टूरमध्ये माँ व्हांतू डोंगराच्या उघड्याबोडक्या चढावर उन्हात कोसळून गेला तेव्हा त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन आणि दारू दोन्ही सापडलं होतं.

आणि 'सगळे' या शब्दालाच माझी हरकत आहे. सगळे नव्हते. फेस्टिनाच्या पोलीस चौकशीत टीममधल्या इतर रायडर्सनीच सांगितलं की तिघं घेत नव्हते. ज्यांनी घेतलं नाही ते रिझल्टमध्ये दिसतच नाहीत म्हणून आपल्याला वाटतं सगळेच होते. त्यांच्यातल्या एकाबद्दल शेवटी लिहितो.

प्रश्न : आता तरी सायकलिंग स्वच्छ झालंय का? हो किंवा नाही एवढंच सांगा.

उत्तर : एवढंच सांगता आलं असतं तर! २०१५ मध्ये यूसीआयनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीचा रिपोर्ट आला, त्यात एका जाणकाराने सांगितलं घोळक्यातले अजूनही ९० टक्के घेतात, दुसरा म्हणाला २० टक्के. आतल्या माणसांतच एवढी तफावत, तर बाहेर बसून मी काय आकडा सांगणार.

बदललंय बरंच हे मात्र खरं. २००८ पासून बायोलॉजिकल पासपोर्ट आलाय, म्हणजे औषध शोधत बसण्यापेक्षा रायडरच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं नोंदवायचे आणि अचानक काही वरखाली झालं तर जाब विचारायचा. २०११ पासून स्पष्ट वैद्यकीय कारण नसेल तर इंजेक्शनच बंद, अगदी व्हिटॅमिनचंसुद्धा, आणि मला हा नियम सगळ्यात आवडतो कारण सुईची सवय मोडली की पुढची पायरी अवघड होते. वरच्या दर्जाच्या रायडर्सना रोज एक तास आपण कुठे असू हे आधी कळवावं लागतं, १२ महिन्यांत तीनदा चुकलं की डोपिंगचाच गुन्हा. तरी २०१९ मध्ये जर्मनीतल्या एर्फुर्टच्या एका डॉक्टरकडे रक्ताच्या पिशव्या सापडल्याच, त्यात दोन ऑस्ट्रियन सायकलपटूंनी कबुली दिली आणि दोघांनाही चार-चार वर्षं बंदी झाली, दोघांचीही नावं सामान्य प्रेक्षकाने ऐकलेली नसतील.

पण मला जास्त काळजी वाटते ती नियमाच्या काठावरच्या गोष्टींची. ट्रॅमाडॉलचंच घ्या, जोरदार पेनकिलर, त्याने गुंगी येते, आणि १५०-१७० जण खांद्याला खांदा लावून पळत असताना एकाला गुंगी आली तर काय होईल ते सांगायला नको. यूसीआयने १ मार्च २०१९ पासून रेसमध्ये ते बंद केलं, जागतिक डोपिंगविरोधी संस्था वाडाने थेट २०२४ ला. मधल्या काळात २०२२ च्या टूरमध्ये कोलंबियन रायडर नाइरो किन्तानाच्या रक्तात ते सापडलं, सहावा नंबर गेला, पण तेव्हा तो डोपिंगचा नसून वैद्यकीय नियमाचा भंग होता म्हणून बंदी नाही. मग कार्बन मोनॉक्साइड हुंगायचा प्रकार निघाला, हो, तोच विषारी वायू, फेब्रुवारी २०२५ मध्ये यूसीआयने तोही वारंवार वापरायला बंदी केली. आणि वजन! गड्याला वजन कमी ठेवायला सांगतात आणि त्याच गड्याला दिवसभर हवा कापायलाही लावतात, हे दोन्ही एका शरीरात बसवायचं म्हणजे आड आणि विहीर.

त्यात नवी पॉइंटची भानगड. दर तीन वर्षांनी पॉइंट मोजून तळाच्या टीम वरच्या वर्गातून खाली ढकलतात, २०२२ अखेर दोन मोठ्या टीमना तो फटका बसला. पॉइंट नंबरात येणाऱ्याला मिळतात. जो १८० किलोमीटर वारा खाऊन, बाटल्या वाटून, घाटाच्या पायथ्याशी बाजूला होतो आणि अर्ध्या तासाने फिनिशला येतो त्याच्या नावावर शून्य. मग डिसेंबरमध्ये कॉन्ट्रॅक्टच्या टेबलावर त्याने काय दाखवायचं? मॅनेजर समजूतदार असला तर ठीक.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा आहे, ज्युनियर रेस मारतो, बाहेरच्या टीमकडून विचारणा आलीय. तो म्हणतो आधी दोन-तीन वर्षं गडी म्हणून राबेन मग बघू. हे सगळं वाचून आम्ही दोघं घाबरलोय. जाऊ द्यावं का?

उत्तर : दादा, जाऊ द्या. गडी म्हणून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही, भलेभले तसेच वर आलेत. फक्त जायच्या आधी काही गोष्टी एकत्र बसून बोलून घ्या. पहिली म्हणजे नियम असा की शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार रायडर, कुणी दिलं, मला माहीत नव्हतं, डब्यावर लिहिलं नव्हतं, हे सांगून सुटका होत नाही, शिक्षा कमी झाली तर झाली. त्यामुळे कुणी मोठ्या मायेने पुढे केलेली गोळीसुद्धा नाव विचारल्याशिवाय आणि बंदीच्या यादीत बघितल्याशिवाय घ्यायची नाही, प्रोटीनच्या डब्याचंही तेच. टीमकडे विचारा डॉक्टर कोण आहे, वजनाबद्दल कोण बोलतं, पोरगं आजारी पडलं तर त्याला रेसमधून कोण काढतं, डॉक्टर की डायरेक्टर? उत्तर द्यायला कां कूं करायला लागले तर तिथेच काय ते समजा.

आणि शिक्षण सोडू देऊ नका. हे मी बापासारखं उपदेश म्हणून सांगत नाहीये. जबान्या वाचताना सारखं जाणवतं की ज्याच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं तो आधी वाकला. "नाही" म्हणून उद्या घरी यावं लागलं तर घरी कुणी चेष्टा करणार नाही, हे त्याला आत्ताच, तोंडाने, स्पष्ट सांगून ठेवा. त्याला ते माहीतच असेल असं धरून चालू नका.

प्रश्न : आर्मस्ट्राँगची सात टूर गेली, आजन्म बंदी. आणि त्याच्या साथीदारांना फक्त सहा महिने! हा कुठला न्याय? आणि जे खरंच नाही म्हणाले त्यांचं काय झालं, त्यांना कुणी शोधलं का?

उत्तर : सहा महिने कमीच होते, मान्य. त्यातही ती बंदी सप्टेंबर २०१२ ते मार्च २०१३, म्हणजे बराचसा काळ रेस नसतातच. बाजूने एवढंच म्हणेन की ते बोलले नसते तर काहीच बाहेर आलं नसतं, टेस्ट तर आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं पास होत होता, आणि बोलायची किंमत काय असते हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. फिलिप्पो सिमेओनीचं बघा. साधा इटालियन रायडर, कोर्टात फेरारीविरुद्ध साक्ष दिली. २००४ च्या टूरमध्ये १८ व्या स्टेजला तो पुढच्या ग्रुपकडे निसटला तर पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे लागला, ज्याच्यापासून त्याला काडीचा धोका नव्हता त्याच्या मागे! पुढच्या ग्रुपने गयावया केली की हा इथे असला तर घोळका आम्हालाही पकडेल, शेवटी सिमेओनी मागे फिरला. येताना आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली, आणि घोळक्यातल्यांनी सिमेओनीला शिव्या घातल्या. फ्रेंच रायडर अशा माणसाला सूपमध्ये थुंकणारा म्हणतात, आपण ज्या ताटात खाल्लं त्यातच वगैरे म्हणतो तेच.

आणि नाही म्हणणारा म्हणजे क्रिस्तोफ बासों. वर म्हटलं ना फेस्टिनातले तिघं घेत नव्हते, त्यातला एक. १९९९ ला तो दुसऱ्या फ्रेंच टीममधून टूरला आला आणि रोज पेपरात कॉलम लिहायचा, त्यात त्याने लिहिलं की हा वेग पटण्यासारखा नाही. झालं. घोळक्यात त्याच्याशी बोलणं बंद. आल्प द्युएझ घाटाच्या स्टेजला सुरुवातीला सगळ्यांनी सावकाश जायचं ठरवलं होतं, बासों वैतागून पुढे निसटला, मागून सगळा घोळका चालून आला, आणि आर्मस्ट्राँगने त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं की हे असं बोलतोस कशासाठी. बासों म्हणाला पुढच्या पिढीच्या पोरांसाठी. त्यावर आर्मस्ट्राँगने त्याला सांगितलं की मग हा खेळ सोडून जा. यात सगळ्यात वाईट मला काय वाटतं माहितीये, आर्मस्ट्राँग नाही, तो तसा होताच. पण बासोंच्या स्वतःच्या टीममध्येही त्याच्या बाजूने ठाम कुणी उभं राहिलं नाही. दोन दिवसांनी सकाळी, बाकीचे झोपेत असताना, तो बॅग घेऊन हॉटेलातून निघून गेला. २००१ मध्ये सायकलिंग सोडलं आणि पुढे फ्रान्सच्या क्रीडा खात्यात डोपिंगविरोधी काम करायला लागला.

शोधलं का म्हणता? शोधलं की. २०१२ मध्ये तो हौस म्हणून फ्रान्सच्या माउंटन बाइक मॅरेथॉन स्पर्धेत उतरला, दमून मधेच सोडली आणि घरी निघाला, त्याचं नाव डोपिंग टेस्टसाठी निघालंय हे त्याला वाटेत फोनवर कळलं आणि तोवर परत पोचणं शक्य नव्हतं. टेस्ट चुकवली म्हणून त्याला फेडरेशनने एक वर्षाची बंदी घातली. ओरड झाल्यावर ती एक महिन्यावर आली.